चिठ्ठीत लिहिलं होतं तेवढंच

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कंडक्टरबाई बसच्या पायरीवरून पडल्या. मनगट मुरगळलं, हनुवटीला तीन टाके पडले. कृत्रिम पाय बसवून जेमतेम चार दिवस झाले होते. ज्या बाईंनी उभा जन्म बसमध्ये तिकिटं फाडली, त्यांची पाय गेल्यानंतर एकटीने बसमध्ये चढायची ती पहिलीच वेळ होती.

बारा वाजता त्या थेट पाय बनवणाऱ्या कारखान्यात आल्या. कारखाना कसला, दोन खोल्या. बाहेर बाकडी आणि प्लास्टरचे साचे. आत घासायचं यंत्र, चामड्याचे पट्टे आणि धरून चालायचे दोन लोखंडी कठडे. नवरा माप घ्यायचा, साचा काढायचा. बायको पाऊल जोडायची, पट्टे बसवायची, माणसाला चालवून बघायची. बावीस वर्षं हेच. त्याला सगळे ‘कारागीर’ म्हणत आणि हिला नुसतं ‘वहिनी’.

बाईंची हनुवटी पाहताच वहिनीने हातातला पट्टा खाली ठेवला. पाय का अडखळला, हे तिला न विचारताच ठाऊक होतं.

चार महिने नवरा-बायकोचा अबोला होता. निमित्त एका सत्काराचं. गुडघ्याखालच्या ज्या पट्ट्यासाठी लोक लांबून येत, तो वहिनीने घडवलेला. सात वेळा फसून आठव्यांदा जमलेला. कारागिराने मानपत्र घेतलं आणि माइकवर म्हटलं, “मिसेस असतात हाताखाली मदतीला.” अपंग संघटनेच्या मासिकात ते छापूनही आलं. ती भांडली नाही. “हाताखालच्या माणसाने डोकं चालवायचं नसतं,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून त्याने चिठ्ठीवर लिहायचं आणि तिने लिहिलंय तेवढंच करायचं. घरीही तेच! ‘भाजीत मीठ नाही,’ असं त्याने एकदा लिहिलं. ‘चिठ्ठीत नव्हतं,’ असं खाली उत्तर आलं.

बाईंचं माप घेताना कारागीर त्यांच्या चांगल्या पायातला जाड तळव्याचा बूट काढायला विसरला. उंची बोटभर जास्त भरली. चिठ्ठीवरचा आकडा आणि बाईंचा बूट बघताच वहिनीने ते ओळखलं. एरवी दोन्ही पायांत बूट घालून चालवल्याशिवाय ती कुणाला उंबऱ्याबाहेर सोडत नसे. या खेपेला चिठ्ठीत तसं लिहिलं नव्हतं. एका पायात बूट, नवा पाय उघडा, अशा बाई कठड्यात चार पावलं चालल्या आणि चाल सरळ दिसली. घरी त्यांनी दुसरा बूट चढवला, तेव्हा नवा पाय बोटभर लांब झाला.

बाई तक्रार घेऊन येतील, कारागिराची फजिती होईल, याची वहिनी वाट बघत होती. बाई पडतील, हे मात्र तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

कारागिराने चिठ्ठी पुन्हा वाचली, मग बाईंच्या बुटाकडे पाहिलं. “बुटासकट मोजलं मी. चूक माझी, बाई. सगळी माझी.”

झालं! हवी होती ती फजिती वहिनीच्या समोर उभी होती. गप्प राहायचा अवकाश होता.

“सगळी नाही,” ती म्हणाली. “मला त्याच दिवशी दिसली होती. मुद्दाम बोलले नाही मी.”

कारागिराने चिठ्ठी खाली ठेवली.

“वा!” कंडक्टरबाई म्हणाल्या. “लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात. तुम्ही दोघांनी मिळून माझ्या पायावर मारलात!”

“बाई, हे त्या दिवशी माइकवर...” वहिनी सांगू लागली.

“माहीत आहे गं पोरी, मासिक मीही वाचलंय. तुझा राग खोटा नाही. पण ऐक. माझा एक ड्रायव्हर होता, एक नंबरचा खडूस. अकरा वर्षं आमचं पटलं नाही. त्याच्या हातचा चहा मी कधी प्यायले नाही. पण घंटी? घंटी रोज वाजवली! एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. मागे बसलेल्या साठ माणसांनी आमचं काय घोडं मारलं होतं? राग तोंडाने काढावा, कामातून काढू नये.”

मग त्या वळल्या. “आणि कारागीर, तुम्ही! हिचं श्रेय माइकवर गिळलंत ना? आता स्वयंपाकघरात हळूच ‘चुकलं हं’ म्हणून भागायचं नाही. चारचौघांत घेतलेलं चारचौघांतच परत करायचं असतं!”

कारागीर प्लास्टरने माखल्या हातांनी तसाच बाहेरच्या खोलीत गेला. बाकड्यांवर पाच जण बसले होते.

“तुम्ही सगळे जो पट्टा वापरता, तो हिने बनवलाय,” तो म्हणाला. “ही माझ्या हाताखाली नाही. मी खोटं बोललो होतो.”

कुबडीवाले आजोबा म्हणाले, “आम्हाला ठाऊक होतं हो. तुम्हाला कधी कळतंय, एवढंच बघत होतो!”

वहिनी दारात उभी होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिची मान ताठ झाली, आणि तो ताठा रागाचा नव्हता. तिने बाईंचा नवा पाय घासायच्या यंत्रापाशी नेला. कारागीर मागोमाग आला.

“नीट धरा,” ती त्याला म्हणाली.

“धरलाय.”

“आणि बाईंचे बूट आणा. दोन्ही!”

वाचकहो, ज्या घरात काम आणि संसार एकाच छपराखाली चालतो, तिथला अबोला चार भिंतींत राहत नाही. तो तिसऱ्याच माणसाला पाडतो. म्हणून दुखावलेल्याने बोलावं. आणि दुखावणाऱ्याने आपली चूक, जितक्या लोकांपुढे केली, तितक्या लोकांपुढे कबूल करावी.

गुरुवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी कंडक्टरबाई त्याच थांब्यावर, कुणाचा हात न धरता बसमध्ये चढल्या आणि त्यांनी स्वतःच दोनदा घंटी वाजवली. कारागीर आणि वहिनी फुटपाथवर उभे राहून बघत होते. बस वळेपर्यंत दोघंही हलले नाहीत.

दुरुस्तीचं पत्र कारागिराने मासिकाला पाठवलं आहे. ते अजून छापून आलेलं नाही. चार महिन्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा वहिनीच्या खणात आहे; तो तिने अजून टाकलेला नाही.