माझ्यातला आवाज कुणाचा होता?

मी एक जुना स्मार्टफोन आहे, मित्रांनो. डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात एका कपाटाच्या खणात पडून असतो. बॅटरी थोडी फुगली आहे, तरी चार्ज केलं तर अजून सुरू होतो.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. खोक्यावर माझ्या कॅमेऱ्याचं कौतुक मोठ्या अक्षरांत छापलं होतं. मला मात्र अभिमान होता माझ्या सिस्टीमचा. ती ओपन सोर्स, म्हणजे तिचा कोड कुणालाही वाचता यावा, बदलता यावा अशी. माझ्यात लपवण्यासारखं काही नाही, असं मी समजत होतो.

कृष्णनाथांनी मला घेतलं तेव्हा त्यांच्या घशाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांनी सारं आयुष्य नार्वेच्या फेरीबोटीवर काढलेलं. नदीच्या एका काठावरून हाक मारली की दुसऱ्या काठावरचा माणूस वळून बघायचा, असा आवाज. कर्करोगात स्वरयंत्र काढावं लागलं. त्यांच्या पत्नीची, चंद्रावतींची, नजर त्याआधीच मधुमेहाने गेली होती. यांना बोलता येईना, त्यांना लिहिलेलं दिसेना. दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं?

त्यांची मुलगी संजना पणजीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. तिने उपाय काढला. बाबांनी मराठीत टाईप करायचं आणि मी ते मोठ्याने वाचायचं. माझं पहिलं वाक्य होतं, "चंद्रा, चहा हवा." चंद्रावती आधी दचकल्या, मग हसत सुटल्या. "अहो, तुमी बातम्यो सांगतात काय?"

माझं बोलणं होतंच तसं, इस्त्री केलेलं. कृष्णनाथ मग 'चंद्राआआ' असं लिहू लागले, म्हणजे मी हाक लांबवावी. हळूहळू तो आवाज चंद्रावतींच्या कानाला नवऱ्याचाच वाटू लागला. त्या स्वयंपाकघरातून मला ओ देत, माझ्यावर रागावत, भाजीत मीठ कमी आहे असं मी म्हटलं की माझ्याशी भांडतसुद्धा. त्याहून मोठं कौतुक मला कधी मिळालं नाही.

वर्षं गेली. कंपनीने माझे अपडेट बंद केले आणि मी अडखळू लागलो. एका सकाळी चंद्रावतींचा हात गॅसवरच्या तापल्या तव्याकडे गेला. कृष्णनाथांनी घाईघाईने 'थांब' असं लिहिलं. मी गोठलो होतो. ते धावले, तोवर बोटं पोळली होती.

"बाबा, नवो फोन घेवया," संजना म्हणाली.

चंद्रावतींनी नकारार्थी मान हलवली; त्यांना माझाच आवाज हवा होता. "आवाज बदलतलो मगे? माका होच जाय."

"मग हेकाच नीट करतंय. हेची सिस्टीम उघडी आसा, आई. लोकांनी जुन्या फोनांखातीर नवी करून ठेवली आसा."

तिने फोटो, निरोप, सगळं काढून ठेवलं. मग मला धुऊनपुसून ती नवी सिस्टीम घातली. मित्रांनो, मी पुन्हा तरुण झालो! बोट लागताच पडदा उघडू लागला. कृष्णनाथांनी आनंदाने 'चंद्राआआ' लिहिलं.

मी गप्प.

तेव्हा मला माझीच खरी ओळख झाली. माझा पाया खुला होता, पण त्यावर कंपनीने स्वतःच्या कितीतरी बंद गोष्टी बसवल्या होत्या. कॅमेऱ्याची करामत त्यातलीच, आणि तो मराठी आवाजही. खुल्या कोडात तो कधी नव्हताच. संजनाने तो वेगळा मिळवून बसवून पाहिला, तर 'हे उपकरण मान्य नाही' एवढंच पडद्यावर आलं. जुनी सिस्टीम परत घालावी म्हटलं, तर कंपनीने ती केव्हाच काढून टाकली होती. विनंती केली, तर या मॉडेलची सेवा बंद झाली आहे, असं उत्तर मिळालं.

शेवटी तिने एक खुला आवाज बसवला. कुणीतरी मायेने घडवून सगळ्यांना फुकट दिलेला, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. चंद्रावतींनी कान दिला आणि विचारलं, "कोण तो?"

कृष्णनाथांनी मला बंद केलं आणि चंद्रावतींचा हात हातात घेतला.

"माझी चूक, आई," संजना म्हणाली. "पायो उघडो म्हणान मी सगळाच उघडा समजलंय."

चंद्रावती हळूच म्हणाल्या, "ऑपरेशन झाला तेन्ना हेंचो आवाज एकदा गेलो. आज परत गेलो."

मित्रांनो, एखादी वस्तू खुली आहे असं कुणी सांगितलं तर कुठवर खुली, हे जरूर विचारा. ज्या वस्तूवर कुणाचं बोलणं, ऐकणं टेकलेलं आहे, तिच्यातलं आपलं किती आणि कंपनीचं किती, हे आधी पाहा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन फोन बनवणार असेल, तर त्याला एवढंच सांगणं आहे: आम्हाला सोडून द्याल त्या दिवशी निदान कुलपं तरी उघडून जा.

घरात आता नवा फोन आहे. तो छान बोलतो, कधी अडखळत नाही. चंद्रावती त्याला ओ देतात, पण जरा थांबून, दारात आलेल्या पाहुण्याला द्यावी तशी.