वर्धा जिल्ह्याचा समुद्रकिनारा

"नदी कधी खोटं बोलत नाही," असे अण्णाजी देवतळे डोंग्यात उभे राहून गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी हातातली लोखंडी सळई डोहाच्या तळाला टेकवली. तळ टेकवून घ्यायला तयार नव्हता. सळई गाळात हातभर गेली, तिच्यामागून अण्णाजी निघाले, आणि डोंगा चालवणाऱ्या धुरपताने मागून त्यांचा कोट धरला म्हणून बांधकाम खात्याचा एक ओव्हरसियर त्या दिवशी कमरेपर्यंतच भिजला.

"खाली बसा, साहेब," ती म्हणाली. "उभं राह्यलं म्हनून नदी काई सलाम ठोकत नाई."

डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला रूपराव दोन्ही काठ घट्ट धरून बसला होता. मोजणीच्या साखळीचे टोक धरणाऱ्या माणसाला खात्यात खलाशी म्हणत. रूपराव अठरा वर्षे खलाशी होता, आणि पाण्याशी त्याचा संबंध आंघोळीपुरता होता; हिवाळ्यात तोही सैल.

"मी म्हनलं होतं, काठावरूनच मोजू," तो डोळे मिटून म्हणाला.

काठावरून मोजण्यासारखे काही उरले असते तर कोणी डोंग्यात बसलेच नसते. नाचणगावाखाली वर्धा नदीच्या काठाला वाळूचे ऐसपैस मैदान होते. मासे धरणाऱ्या धिवरांची चौदा घरे दर हिवाळ्यात तिथे टरबुजांच्या वाड्या लावत. वाळूत चर खणायचे, त्यात शेणखत भरायचे, बी टाकायचे, आणि चैत्र लागला की टोपल्या भरून पुलगावच्या बाजारात जायचे. यंदाच्या श्रावणात नदी अशी आली की जाताना ते मैदान सोबत घेऊन गेली. मागे राहिली काळी चिकण माती. तिच्यात टरबुजाचे मूळ कुजते. पौषाच्या आत काठावर वाळू आली तर वाड्या, नाही तर नाही. दोन घरे पुलगावच्या गिरणीत काम पाहायला निघूनही गेली होती. त्यातले एक धुरपताच्या धाकट्या मुलाचे होते.

तिने अर्ज केला. तिचा अर्ज वर्ध्याच्या कचेरीत तीन टेबलांवर जाऊन आला. पहिले टेबल म्हणाले, नदी आमची पण काठ आमचा नाही. दुसरे म्हणाले, काठ आमचा पण वाळू आमची नाही. तिसरे जेवायला गेले होते. शेवटी अर्ज अण्णाजींच्या टेबलावर आला, कारण त्याच्यापुढे भिंत होती.

अण्णाजी पन्नाशीचे, सरळमार्गी आणि कागद शेवटपर्यंत वाचणारे गृहस्थ होते. ही शेवटची सवय खात्यात धोक्याची समजली जाई. वर्षभरापूर्वी वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता, आणि राज्यासोबत मुंबईचे छापील तक्तेही आले होते. त्यातला एक तक्ता समुद्रकिनारे दुरुस्त करण्याचा होता. किनाऱ्याची वाळू वाहून गेली असल्यास जवळच्या पाण्याखाली वाळूचे साठे कुठे आहेत, किती जाड आहेत, ते शोधून कळवावे, म्हणजे ती उचलून किनाऱ्यावर टाकण्यास मंजुरी देता येईल. तक्ता 'सर्व जिल्ह्यांसाठी' होता. अण्णाजींनी तो तीनदा वाचला. जिल्ह्याला समुद्र असला पाहिजे, असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. ते गृहीत धरले होते. आणि गृहीत धरलेली गोष्ट फाइलीत नसते, हे अण्णाजी पंचवीस वर्षांच्या नोकरीत शिकले होते.

त्या आनंदात त्यांच्या हातून एक चूक झाली. धिवरांच्या वस्तीत, लिंबाच्या पारावर बसून, उरलेल्या बाराही घरांदेखत त्यांनी धुरपताला शब्द दिला, की कार्तिक संपायच्या आत वाळू काठावर येईल. असा शब्द त्यांनी आयुष्यात कोणाला दिला नव्हता, घरीदेखील नाही. तेव्हापासून त्यांना झोप कमी लागत होती.

"इथं गाळच हाय, साहेब," धुरपता आता म्हणाली. "चाळीस वर्सं झाले, या डोहात मी जाळं टाकून राह्यली. वाळू असती तर मले कळलं नसतं काय?"

"गाळाच्या खाली काय आहे?"

"गाळाच्या खाली गाळ. अजून काय राह्यते?"

ओल्या धोतरानिशी अण्णाजी गुडघ्यावर बसले, सळईला दुसरा तुकडा जोडून पिळला आणि रूपरावाला डोक्यावर मोगरी मारायला सांगितले. रूपरावाने एक हात सोडून, प्राण मुठीत धरून मोगरी मारली. अण्णाजींनी सळईला कान लावला. गाळातून सळई मुकी जाते. खडकावर ती खणकते. वाळू असेल तर ती दाणे चावल्यासारखी करकरते. हे त्यांना कोणत्या पुस्तकाने नव्हे, तर पुलाच्या कामावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकवले होते.

एक फूट, मुकी. दोन फूट, मुकी. धुरपता वल्हे मांडीवर घेऊन नदीच्या पलीकडे पाहत होती. पाहुण्याच्या हातून काही सांडले की चांगली माणसे दुसरीकडे पाहतात, तशी. चार फुटांवर अण्णाजींनी हात वर केला.

"कान लावा," ते म्हणाले.

"मी?"

"तुम्हीच. रूपराव, मार."

धुरपताने डोक्यावरचा पदर बाजूला करून सळईला कान लावला. मोगरी पडली. तिने कान काढला नाही. "अजून मार, भाऊ," ती म्हणाली, आणि मग आणखी एकदा, आणि मग हळूच, स्वतःशीच, "अरे बाप्पा."

सळई आणखी सात फूट खाली गेली आणि सातही फूट करकरत गेली. तिच्या पोकळ टोकातून चिमूटभर वाळू वर आली. अण्णाजी ती कागदाच्या पुडीत बांधणार, तेवढ्यात धुरपताने अर्धी उचलली, दाढेखाली धरली, डोळे बारीक करून चावली आणि थुंकली.

"टरबुजाची हाय," ती म्हणाली. "याहून बारीक असती तर काकडीले गेली असती."

अण्णाजींनी वहीत 'कणांचा आकार' या मथळ्याखाली 'टरबुजी' असे लिहिले. पुढे नागपूरच्या प्रयोगशाळेने तीन आठवडे चाळण्या लावून हेच कळवले, फक्त टरबुजाचा उल्लेख टाळला.

संध्याकाळपर्यंत डोहात लाल कापडाचे सात झेंडे बांबूंवर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बाभळीखाली घोंगडी अंथरून अण्णाजींनी तक्ता भरायला घेतला. खोटे लिहायचे नाही आणि एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. रिकामा रकाना म्हणजे परत आलेली फाइल.

'किनाऱ्यासमोर, पाण्यापलीकडील भूभाग.' त्यांनी मान वर करून पाहिले आणि लिहिले: अमरावती जिल्हा.

'लाटांची उंची.'

"तुमी पडले तवा हातभर आलती," रूपराव म्हणाला.

'प्रसंगोपात, एक फूट,' अण्णाजींनी लिहिले.

'समुद्रसपाटीपासून उंची.' पुलगाव स्टेशनच्या पाटीवरून हिशेब करून त्यांनी आठशेवर फूट लिहिली. मग भरती-ओहोटीचा रकाना आला आणि त्यांचा टाक थांबला.

"काय झालं?" धुरपताने विचारले. ती जवळच जाळे दुरुस्त करत होती.

"समुद्राचं पाणी रोज ठरल्या वेळी चढतं आणि उतरतं. ते किती, कधी, हे लिहायचं आहे."

"कोन चढवते?"

"चंद्र."

तिने त्यांच्याकडे पाहिले. आदल्या दिवशी त्यांना पाण्यातून ओढून काढताना पाहिले होते, तसेच.

"आमच्या इथं म्हशी चढवतेत," ती म्हणाली.

नाचणगावच्या साठ म्हशी दुपारी चार वाजता डोहाच्या अरुंद खाचेत उतरत आणि सव्वापाचला बाहेर पडत. अण्णाजींनी खाचेत खुणांची काठी रोवली आणि घड्याळ हातात घेऊन बसले. चार वाजता म्हशी आल्या. पाणी दीड इंच चढले. सव्वापाचला दीड इंच उतरले. खात्री करून घ्यावी म्हणून ते आणखी दोन दिवस आले. तिन्ही दिवस पाणी दीड इंचाला आणि म्हशी वेळेला पक्क्या होत्या. 'भरती: दररोज दुपारी चार. ओहोटी: सव्वापाच. पौर्णिमा-अमावास्येचा परिणाम: आढळला नाही.'

फाइल मुंबईला गेली. निघताना अण्णाजींनी वस्तीला बजावले, "मंजुरी येईपर्यंत त्या झेंड्यांना कोणी हात लावायचा नाही. सरकारी खुणा आहेत."

"नाई लावत," धुरपता म्हणाली.

कार्तिक गेला. मंजुरी आली नाही. मार्गशीर्ष लागला. अण्णाजींनी मुंबईला एक स्मरणपत्र धाडले, मग त्या स्मरणपत्राचे स्मरणपत्र धाडले. पुलगावकडची कामे त्यांनी रूपरावाकडे सोपवली, कारण त्या रस्त्याने जायचे म्हणजे नाचणगावचा फाटा लागे आणि फाट्यावर धिवरांपैकी कोणी ना कोणी मासे घेऊन बसलेले असे. रूपराव मात्र तिकडे खुशीने जाई. सळई नाचणगावच्या लोहाराकडे दुरुस्तीला आहे, असे तो महिनाभर सांगत राहिला. सळईला काय झाले हे विचारायचा अण्णाजींना धीर झाला नाही. विचारले असते तर वस्तीचे नाव निघाले असते.

पौष गेला, माघ गेला. फाल्गुनाच्या शेवटी मुंबईचे पत्र आले. मंजुरी नव्हती, शंका होती. 'आपण पाठवलेल्या तक्त्यात समुद्रकिनारा समुद्रसपाटीपासून आठशेवर फूट उंच दाखवला आहे. एक शून्य चुकून जास्त पडले आहे काय, याचा खुलासा व्हावा. भरती-ओहोटीची नोंद समाधानकारक आहे.'

हे पत्र खिशात घालून चैत्रातल्या एका सकाळी अण्णाजी पुलगावला रेल्वेतून उतरले, भाड्याची सायकल घेतली आणि निघाले. वाटेत त्यांनी वाक्य तयार केले. 'धुरपताबाई, मी शब्द दिला होता, तो माझ्याने पाळला गेला नाही.' वाक्य बरे होते. नदीचा उतार लागेपर्यंत ते त्यांना पाठही झाले.

उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि खाली उतरले.

काठावर वाळू होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पूर्वीइतकी नव्हे, पण पुरेशी. वाळूत चरांच्या रांगा होत्या, चरांत वेल होते, आणि वेलांत पाय टाकायला जागा नाही इतकी टरबुजे पडली होती. धुरपताचा धाकटा मुलगा मडक्याने पाणी घालत होता. छपराच्या सावलीत ती स्वतः टोपली विणत बसली होती.

"या साहेब," ती म्हणाली. "लई दिवस झाले. कुठं गेलते?"

"कामं होती." अण्णाजी वाळूकडे पाहत राहिले. "ही कुठून आली?"

"तुमच्या झेंड्यापासून."

"मी म्हटलं होतं, हात लावायचा नाही."

"झेंड्याले कोनी हात लावला नाई. पहा ना."

अण्णाजींनी पाहिले. डोहात सातही झेंडे उभे होते. त्यांच्या खालचे पाणी तेवढे खोल झाले होते.

"कार्तिक सरला अन् मांगसरात काढली," ती म्हणाली. "बारा घरं, सहा डोंगे. मंग गिरनीकडून ते दोघंबी आले वापस. नऊ दिस निस्ता गाळच उपसला. सारे म्हनत, म्हातारी याडी झाली, खाली काई नाई. तुमचा खलाशी सळई ठोकून म्हने, हाय. मी म्हनलं, मी आपल्या कानानं आयकलं, उपसा." तिने टोपलीची काडी दाताने तोडली. "चार फुटावर निंगाली. तुमी सांगतली तिथंच. चाळीस वर्सं तिच्यावर जाळं टाकलं मी, अन् मले ठाव नव्हतं."

अण्णाजींचा हात खिशातल्या पत्रापर्यंत गेला होता. तो त्यांनी रिकामाच बाहेर काढला आणि रुमाल नसताना कपाळ पुसले.

"कागद आला काय?" तिने विचारले.

"आला."

"काय म्हनते?"

"भरती बरोबर आहे म्हणतात."

"राह्यलीच बरोबर," ती म्हणाली. "म्हशी नेमाच्या हायेत."

मग तिने मुलाला हाक मारली, "चांगलं पाहून आनजो रे, साहेबाले." त्याने वेलांतून हिंडून एक टरबूज आणले. तिने ते विळ्याने फोडले. अण्णाजी वाळूत मांडी घालून बसले आणि वाक्य विसरून अर्धे टरबूज एकट्याने खाल्ले. बिया ते तळहातावर गोळा करत होते. ते पाहून धुरपताने त्यांना सांगितले की असल्या बिया लोक थुंकतात.

वर्ध्याला परतल्यावर त्यांनी खुलासा पाठवला की उंची बरोबर आहे, शून्य जागेवर आहे.

मंजुरी श्रावणात आली. त्या दिवशी किनाऱ्यावर अकरा फूट पाणी होते.