इसालेचं पान

माझा किवेलू आठ महिन्यांचा आहे. कुणीही समोर आलं की तो आधी चेहरा शोधतो. पाय, मग पोट, मग मान वर करून तोंड. तोंड सापडलं की हसतो. केळीच्या बागेत मात्र एका जागी तसं होत नाही. तिथे त्याची नजर हळूहळू छातीच्या उंचीपर्यंत चढते आणि मग नुसती हवेत भिरभिरते. वर काही सापडतच नाही. ओठ काढून माझ्या खांद्यात लपतो.

त्या जागी त्याचे खापरपणजोबा पुरलेत. नाव त्यांचंही किवेलूच. इथे जर्मनांचं राज्य होतं तेव्हा त्यांनी त्यांना फाशी दिली आणि डोकं कापून बोटीने नेलं. सणावाराला सासूबाई तिथे केळ्याची दारू ओततात आणि दर वेळी पुटपुटतात, "प्या, आजोबा. पण पिणार कुठून?"

मंगळवारी जर्मनीतल्या एका संग्रहालयातून इल्काबाई आल्या. दुभाष्या म्हणून सोबत आमचे म्रेमा मास्तर, लग्नातला कोट घालून. गेल्या वर्षी संग्रहालयाच्या लोकांनी माझ्या नवऱ्याची थुंकी तपासायला नळीत भरून नेली होती. ती त्यांच्या कपाटातल्या एका डोक्याशी जुळली होती.

"डोकं आणलंत?" बसा म्हणायच्या आधीच सासूबाईंनी विचारलं.

"सापडलंय, वहिनी. परवानग्या व्हायच्यात. दोन वर्षं, कदाचित पाच. आज बाई माफी मागायला आल्यात," मास्तर म्हणाले.

बाईंनी पिशवीतून गाठ मारलेलं इसालेचं पान काढलं.

इसालेचं पान घेऊन दारी आलेल्याला आमच्यात नाही म्हणत नाहीत. पान घेतलं की माफ केलं. मग ती गोष्ट पुन्हा काढायची नाही, पोटच्या पोराचा खून असला तरी.

"मास्तर, यांना शिकवायला दुसरं काही सुचलं नाही? दोन शिव्या तरी शिकवायच्या!" सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"अहो, बाईंच्या मनात खोट नाही."

"खोट नसेल. डोकंही नाही."

बाई रडत होत्या. खरंच रडत होत्या. पान पुढे धरून त्या माझ्यासमोरच गुडघ्यांवर बसल्या. माझ्या मांडीवरच्या किवेलूने त्यांचे गुडघे पाहिले, पोट पाहिलं, चेहरा पाहिला. हसला. आणि हात लांब करून पान घेतलं.

"घेतलं!" मास्तर ओरडले. "घरच्या पुरुषानेच घेतलं!"

"दुपट्यात मुतणारा पुरुष!" सासूबाई म्हणाल्या, पण आवाज फाटला होता. त्या माझ्याकडे बघत होत्या. पान आमच्या घरात राहिलं, तर परवानग्यांची घाई कुणाला असणार होती?

घेतलेलं पान कुणी परत केल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. मी बाळाची मूठ धरली. करंगळी सोडवली, मग तिच्या शेजारचं बोट. तो किंचाळायला लागला. एवढ्याशा मुठीत एवढा जोर कुठून आला, कोण जाणे. शेवटी अंगठा सुटला. पान मी बाईंच्या तळहातावर ठेवलं.

"डोक्याबरोबर घेऊन या. त्या दिवशी मी स्वतः घेईन."

माझं एवढं बोलणं बाईंना त्यांच्या भाषेत सांगताना मास्तरांनी तीनदा घसा खाकरला.

ते गेले तरी किवेलूचं रडं थांबेना. त्याला घेऊन मी बागेत गेले. त्या जागेपाशी तो एकदम गप्प झाला. नजर छातीपर्यंत चढली, वर भिरभिरली. पण या वेळी तो लपला नाही. त्याने हात पुढे केला आणि बोटं मिटली, कुणाचं तरी बोट धरावं तशी. मूठ पुरती मिटत नव्हती. आत काहीतरी होतं.

ही मूठ मी सोडवली नाही.