घारीच्या बॉयलरची तपासणी

‘घार’ या वाफेच्या इंजिनाची गोष्ट शाळेतल्या पोरांनाही पाठ होती. पुराच्या वर्षी रुळांवर गुडघाभर पाणी असताना तिने एकोणीस डबे ओढून अख्खं गाव उंचावर नेलं होतं. पुढे डिझेल आलं आणि घार यार्डाच्या कोपऱ्यात तीस वर्षं गंजत पडली. भंगारात काढायला तिच्यावर खडूची फुली पडली, तेव्हा उस्ताद आडवे आले.

उस्ताद म्हणजे कारखान्यातले बॉयलरचे निवृत्त कारागीर. माणूस हेकट, पण हात सोन्याचा. साहेबांचे उंबरे झिजवून त्यांनी इंजिन वाचवलं, पाच-पंचवीस माणसं जमवली आणि नऊ वर्षं खपून घार चालण्याजोगी केली. त्यांची बायको, जिला सगळे मामी म्हणत, घारीचे पितळी नळ घासायला यायची. ‘सवतीची सेवा करतेय,’ असं म्हणून हसायची.

पहिली वाफ धरायला पंधरा दिवस उरले होते. भट्टीचे आतले-बाहेरचे पत्रे शेकडो लोखंडी दांड्यांनी जखडलेले असतात. हातोडीने एकेक दांडा ठोकायचा; धड असला तर खणकन वाजतो, तुटलेला बद्द वाजतो. उस्ताद दोन दिवस भट्टीत बसून ठोकत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, सगळे ठीक आहेत. उस्तादांचा कान म्हणजे शेवटचा शब्द, कुणी पुन्हा विचारलं नाही.

मामीला मात्र ते पटलं नाही. वर्षभर दाराची घंटा तिलाच ऐकू येत होती. उस्ताद समोरच्याच्या ओठांकडे बघून उत्तरं देत होते. सकाळी जेवणाच्या टेबलाशी तिने त्यांच्यासमोर बसून विचारलं, “अहो, खरं सांगा. भट्टीत तुम्हाला आवाज कळत होता?”

“चाळीस वर्षं हेच करतोय मी.”

“ते मला माहीत आहे. मी कुणाकडे जाणार नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगा. पण त्या इंजिनावर माणसं चढणार आहेत.”

उस्ताद ताटावरून उठले. तिसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मंडळींसमोर उभे राहिले आणि तपासणी पुन्हा करा म्हणाले. ती कुणी करायची, तेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक बॉयलरवाली होती. एका जोडातली त्यांची चूक तिने चारचौघांत दाखवली, म्हणून सहा वर्षं त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

ती आली. दीड दिवस भट्टीत होती. बाहेर आल्यावर त्यांच्यासमोर उभी राहून सावकाश म्हणाली, “उस्ताद, अकरा तुटलेत. वरच्या कोपऱ्यात सात शेजारी-शेजारी आहेत.”

तिथला पत्रा वाफेच्या दाबाने कधीही फुगून फाटला असता. उस्ताद स्वतः आत गेले. तिने खडूने खुणा केलेल्या प्रत्येक दांड्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘आधीची तपासणी चुकीची. मला कमी ऐकू येतं, हे मी लपवलं.’ खाली सही केली.

पहिल्या वाफेचा समारंभ पुढे ढकलला गेला. म्हाताऱ्याने ऐन वेळी शेण खाल्लं, असं काहीजण बोलले; ते उस्तादांपर्यंत पोचलंही. ते रोज येत राहिले. ती बॉयलरवाली नवे दांडे बसवायची आणि उस्ताद तिला दिवा धरायचे.

आठ महिन्यांनी घार निघाली. ड्रायव्हरने वर बोलावलं, पण उस्ताद गेले नाहीत. दोरीमागच्या गर्दीत मामी आणि बॉयलरवाली यांच्या मध्ये उभे राहिले. चाकं फिरली तशी त्यांनी टोपी काढली. इंजिन वळणाआड गेल्यावर त्यांनी आपल्या शिष्येला विचारलं, “नीट चालली ना?”

ती मान हलवून हो म्हणाली. मामीने त्यांचा दंड धरला, आणि गर्दी पांगेपर्यंत तिघं तिथेच उभे होते.