तीनचा रकाना

मोनालीनं पेन्सिल तीनच्या रकान्यावर ठेवली आणि रेघा परत मोजल्या. एकही फिट न आलेले आठवडे वीस. एकदा आलेले बारा, दोनदा तेरा, चारदा पाच. एकूण पन्नास. तीनदा मात्र एकही आठवडा नाही.

जळगावच्या कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची. प्रत्येक वारंवारितेला पन्नासनं भागलं की संभाव्यता हाती येते, आणि बेरीजही बरोबर एक भरत होती. पण पोरांच्या वहीत असं मधेच भोक दिसलं असतं, तर तिनं चांगली खरडपट्टी काढली असती. इथे मात्र फिट धाकट्या बहिणीच्या, भूमिकाच्या होत्या. भूमिकाला धुळ्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. तिला होस्टेलवर पाठवायचं की नाही, ते डॉक्टर उद्या गेल्या पन्नास आठवड्यांची नोंद पाहून सांगणार होते. नोंद आईनं ठेवलेली. असोद्याच्या घरातल्या कॅलेंडरवर दर रविवारी एक आकडा.

"आई, तीनदा कधीच आली नाही का हिला?"

सुनंदाबाईंनी परातीतलं पीठ मळणं थांबवलं नाही.

"तीन कसे लिहू माय? तीन तिघाडा, काम बिघाडा. ताटात तीन पोया वाढतो का आपून? मंग पोरीच्या नावानं कसे लिहू?"

"मग तीन आल्या की काय लिहायचीस?"

"दोन."

"आणि चार आल्या तर?"

"चारले चारच लिहले. खोटं कशाले लिहू?"

एरवी मोनाली पोट धरून हसली असती.

"असे किती आठवडे, आई?"

सुनंदाबाईंचे हात थांबले. गणपती बसले तो आठवडा, कापूस वेचणीचा, मामाच्या घरच्या लग्नाचा, असं करत त्यांनी एकेक सांगितला. आठ भरले. एकही विसरल्या नव्हत्या.

मोनालीनं दुसऱ्या कागदावर नव्यानं रेघा मांडल्या. दोनचे पाचच उरले, तीनचे आठ झाले. दोनाहून जास्त फिट आलेला आठवडा मघाशी दहातला एक होता. आता चारातला एक, किंबहुना थोडा जास्तच.

भूमिका दारात येऊन उभी होती. फिट ओसरली की तिला काहीच आठवत नसे. आई सांगेल तेच तिला ठाऊक.

"मलाही तू दोनच सांगायचीस," ती आईला म्हणाली.

सुनंदाबाईंनी परात पुन्हा पुढ्यात ओढली.

"डॉक्टरांकडे पहिलाच कागद नेऊ या," मोनाली म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली.

"नको, ताई. तीनचे आठ नीट दिसतील असे लिही," भूमिका म्हणाली. "आणि एक कॉपी मला दे. डॉक्टर जा म्हणाले, तर खोलीतल्या मुलींना माहीत पाहिजे ना, किती वेळा धरावं लागेल मला."