सटवाजीला कुणीच पळवलं न्हाई

उपसरपंचाची निवड तोंडावर आली, तसे आबासाहेबांनी आपल्या पॅनलचे सदस्य जीपमध्ये कोंबून महाबळेश्वरला पाठवले. विरोधी पॅनलच्या दत्तरावानं फोडू नयेत म्हणून. ज्यांनी गावच्या विहिरीत कधी पाय बुडवला नव्हता, ते तिथून पोहण्याच्या टाकीतले फोटो टाकायला लागले.

एकटा सटवाजी मागं राहिला.

"आबासाहेब, मी बी सदस्यच हाय की."

"तू कशाला फुटतूस? तुला कोंडायची गरजच न्हाई. अन् जीपमध्ये जागा बी न्हाई."

उलट चौकात त्याचा फ्लेक्स लागला. फोटोखाली इंग्रजीत 'स्टाँच सपोर्टर'. अर्थ फ्लेक्सवाल्यालाही ठाऊक नव्हता. सटवाजीच्या निकितानं, ती अकरावीला, मोबाईलवर बघितला.

"बाबा, म्हंजे पक्का, निष्ठावान. जहाजाला बी लावतेत, पाणी न शिरणाऱ्या."

"लॉयलच की मग."

"लॉयल कुत्र्याला बी चालतंय. हे नेत्याच्या मागं उभं राहणाऱ्याला लावतेत."

भाकरी थापता थापता त्याची बायको कमलबाई म्हणाली, "अन् ज्याला सहलीला नेत न्हाईत त्याला काय म्हणतेत, ते बी बघ माय."

सटवाजी ताटावरनं उठला. गल्लीत जो तो विचारायचा, "आँ! तुमी इथंच?" शेवटी तो पारावर जाऊन दत्तरावाला ऐकू जाईल असं बोलला, "आपलं काय ठरलं न्हाई बुवा अजून."

दत्तरावानं त्याला चहा पाजला आणि प्रेमानं म्हणाला, "सटवाजीराव, तुमाला काय विचारायचं! तुमी आबासाहेबांचे."

त्या दिवशी घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "दत्तरावाला हात वर करतो. कळू दे आबासाहेबाला आपली किंमत." कमलबाईनं त्याच्या सदऱ्याला इस्त्री केली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

निवडीला सदस्य महाबळेश्वरच्या टोप्या घालून आले. बायका खिडकीशी उभ्या. अधिकारी म्हणाले, "दत्तरावांच्या बाजूनं कोण?"

विरोधकांचे हात वर गेले. सटवाजीचाही गेला. सरळ, शाळेत लघवीला सुट्टी मागतात तसा.

आबासाहेब हसले. टोप्या हसल्या. दत्तरावही हसला, मत तर त्यालाच पडलं होतं.

"साहेब, भोळा हाय तो. नंबर चुकला त्याचा. सटवाजी, खाली घे हात."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे मत तुमचंच ना? का चुकून?"

खिडकीत कमलबाई गजाला धरून उभी होती. 'माझंच हाय' एवढंच म्हणायचं होतं. ते त्याच्या ओठापर्यंत आलंही.

"चुकलं साहेब," सटवाजी म्हणाला.

आबासाहेबांचा नंबर आला तेव्हा त्याचा हात उठेना. आबासाहेबांनीच मनगट धरून वर केला.

बाहेर गुलाल उधळला, तो त्याच्या इस्त्रीवरही पडला. खिडकीत कमलबाई नव्हती. दारात निकिता होती. तिनं बापाकडं पाहिलं नाही. चपलांच्या ढिगातून त्याच्या चपला शोधून तिनं त्याच्या पायाशी सरळ लावल्या आणि ती पुढं चालू लागली.