आठ खजूर

गुरुदत्तांनी पुरणात उलथनं रोवलं आणि हात काढून घेतला. उलथनं उभं राहिलं. पुरण झालं की नाही हे असंच पाहतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण हे जरा जास्तच ताठ उभं होतं, वाळूत काठी रोवावी तसं. मीनाक्षीच्या पातेल्यात ते आधी किंचित कलायचं आणि मग थांबायचं, असं काहीसं त्यांना आठवत होतं. की हेही आपण मनानेच रचतो आहोत?

ओट्यावर त्यांच्याच बारीक अक्षरातला कागद होता. पाव किलो हरभऱ्याची डाळ, आठ खजूर, वेलदोडा, जायफळ. मैद्याऐवजी कणीक, तिच्यात मूठभर नाचणी. गूळ नाही. मीनाक्षीला मधुमेह निघाला तेव्हा ग्रंथालयातून तीन पुस्तकं आणून त्यांनी ही कृती बसवली होती. "तू खाशील तेच मी खाईन," असंही म्हणून टाकलं होतं. आठ होळ्या त्यांनी तो शब्द पाळला, आणि पाळणं जड गेलं नाही. पोळी इतकी सुरेख व्हायची, मऊ, गोडाच्या मागे किंचित धुरकट वास असलेली, की दर वर्षी ते न चुकता म्हणायचे, "बघ, गुळावाचून काही अडतं का?" मीनाक्षी तव्याकडे तोंड करून हसायची. त्यांना वाढून झालं की स्वतःची पोळी तिथेच ओट्याशी उभ्या-उभ्या खायची.

गेल्या होळीला तिला जाऊन वर्ष पुरं झालं नव्हतं, म्हणून घरात गोड केलं नाही. या वर्षी मात्र ते तीन दिवस आधीच कामाला लागले. परवा केलेलं पुरण म्हणजे नुसती वाटलेली डाळ लागली. कालही तेच. तिचा आवाज आता त्यांना नीट आठवत नसे. आठवायला गेलं की भलत्याच कुणाचा तरी यायचा. चव तेवढी जिभेच्या मागे अजून शाबूत होती. तीही गेली तर मग काय राहिलं?

पोळी लाटताना काठाशी फाटली. आपल्या मागे, फ्रिजपाशी, कुणीतरी उभं राहून पाहतं आहे असं त्यांना वाटलं. तीन दिवस वाटत होतं. त्यांनी मान वळवली नाही.

"काय चुकतंय ते सांग तरी," ते पुटपुटले.

कोलकात्याच्या डमडम विमानतळावर उतरणारं विमान घरावरून गेलं. मांडणीतल्या वाट्या थरथरल्या आणि गप्प झाल्या.

त्यांनी फाटलेला काठ चिमटीने जुळवला, पोळीवर खसखस पसरून लाटणं फिरवलं. मीनाक्षी लावायची तशी. चार पोळ्या झाल्या. देवापुढे नैवेद्य दाखवून उठतात तोच बेल वाजली.

खालच्या मजल्यावरच्या वृंदाताई डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांचे यजमान बँकेच्या बदलीवर इथे आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मीनाक्षीशी त्यांची तीस वर्षांची मैत्री.

"भावजी, अहो, काय हे! पोळ्या केल्यात की पिठाने धुळवड खेळलात?"

"जमत नाहीये," गुरुदत्त ओशाळून म्हणाले. "कृती माझीच, आणि मलाच जमत नाही."

"ती महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत छापलेली ना? मी केली होती एकदा. आमचे हे म्हणाले, होळीत टाकायच्या गोवऱ्या ताटात का वाढल्यास?"

गुरुदत्तही हसले. तेव्हा त्यांना वाटलं होतं, वृंदाताईंचा हातच कोरडा. वृंदाताईंनी ओट्यावरच्या पोळ्यांकडे पाहिलं.

"सगळ्यांना खसखस?"

"मीनाक्षी लावायची ना."

"तुमच्या पोळ्यांना."

"हो, माझ्याच. तिच्या दातात अडकायची."

"दातात?" वृंदाताई खळखळून हसल्या. "पोस्तोचे, खसखशीचेच ते वडे आले की आमच्या दोघींत भांडण व्हायचं, इतके खायची! अहो, ती खूण होती. दोन्ही पोळ्या दिसायला सारख्या, मग तव्यावरून उतरल्यावर कुठली कुणाची हे कळायला..."

त्या बोलता बोलता थांबल्या. हातातल्या डब्याचं झाकण उगाच उघडलं आणि पुन्हा लावू लागल्या.

"राहू द्या," गुरुदत्त म्हणाले.

डब्यातून वास आला होता. धुरकट, गोड. जिभेच्या मागे जे इतके दिवस उभं होतं ते पुढे आलं.

"यात खजूर किती घालता?"

"खजूर कुठला?" वृंदाताई खाली पाहत म्हणाल्या. "खेजूर गूळ. खजुराच्या झाडाचा. थंडी संपता संपता शेवटच्या ढेपा येतात ना स्टेशनजवळ, त्या. मीनाक्षी आणि मी बरोबरच आणायचो. भावजी, तिने तुम्हाला कधी..."

"सांगितलं होतं," गुरुदत्त घाईने म्हणाले. "म्हणजे, सांगितलं असणार. मीच विसरलो असेन. माझं हल्ली असंच होतं."

वृंदाताईंनी झाकण घट्ट बसवलं. मग डबा ओट्यावर ठेवून, "गरम आहेत तोवर खा," एवढंच म्हणून जिना उतरल्या.

गुरुदत्तांनी दार लावलं. डब्याला हात लावला नाही. तो वास ओट्यावर होता, पडद्यांत होता, फ्रिजपाशी होता. आठ वर्षं ते बाहेरच्या खोलीतून मोठ्याने विचारायचे, "कशी झालीय गं?" आणि आतून उत्तर यायचं. आत्ता, इतक्या दिवसांनी, ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं. अगदी तिच्याच आवाजात.

"छान झालीय."

त्यांनी स्वतः केलेली एक पोळी हातात घेतली. नखाने हळूहळू खरवडून तिच्यावरची सगळी खसखस काढली. ताट घेतलं नाही, तूप घेतलं नाही. ओट्याशी, ती उभी राहायची त्या जागी उभं राहून त्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि शेवटच्या घासापर्यंत ती पोळी खाल्ली.

मग दुसरी उचलली आणि तिची खसखस काढू लागले.